प्रकाशांत प्रकाश मिळविल्यास काळोख

आपला भंडारा जिल्हा तळ्यांचा. गांवोगांवच्या बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव, ज्यांस आपण थोडक्यांत मामा तलाव म्हणतों, ते पावसाळ्यानंतर कांठोकांठ भरले कीं मुलांचा एक ठरलेला खेळ सुरू होतो. तो म्हणजे पाण्यांत खडे टाकण्याचा. खडा पडला कीं त्याभोंवतीं वर्तुळें उठतात व तीं कांठाकडे पसरत जातात, हें सर्वांनींच पाहिलें आहे. परंतु दोघांनीं थोड्या अंतरावर उभें राहून दोन खडे एकाच क्षणीं टाकले, तर दोन्ही वर्तुळें जेथें एकमेकांस ओलांडतात तेथें काय होतें, हें किती जणांनीं निरखून पाहिलें असेल? कांहीं ठिकाणीं पाणी दुप्पट उचंबळतें. कांहीं ठिकाणीं मात्र, दोहोंकडून लाटा येत असतांहि, तें जवळजवळ निश्चल राहतें. एका लाटेचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकाच वेळीं एकाच जागीं आले म्हणजे ते एकमेकांस भरून काढितात, आणि तेथें लाट म्हणून कांहीं उरतच नाहीं.

आतां दुसरें दृश्य घ्या. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ति तुम्हांस सांगावयास नको. चिंचेनें लख्ख घासलेल्या दोन पराती उन्हांत धरून त्यांचे कवडसे ओसरीच्या भिंतीवर पाडा, व ते एकमेकांवर आणा. जेथें दोन्ही कवडसे पडतात तेथें उजेड वाढतो. कितीहि वेळां करून पाहा, तो कमी झाला असें कधीं होणार नाहीं. तेव्हां वर्गांत मीं जेव्हां सांगितलें कीं, प्रकाशांत प्रकाश मिळविला असतां काळोख होऊं शकतो, तेव्हां मागील बांकावरील एका विद्यार्थ्यानें पराती पुढें केल्या नाहींत, परंतु शंका तीच काढिली: "मग दोन दिवे लावल्यावर खोलींत कोठेंच अंधार कां होत नाहीं?" शंका अगदीं योग्य होती, व तिचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्यासारखें नव्हतें. म्हणून हा लेख.

प्रकाश हाहि लाटांच्या रूपानें चालतो. ह्या लाटा फारच बारीक. तांबड्या प्रकाशाची एक लाट, म्हणजे एका उंचवट्यापासून दुसऱ्या उंचवट्यापर्यंतचें अंतर, सुमारें ०.०००६५ मिलिमीटर, एका मिलिमीटरांत अशा पंधराशेंहून अधिक लाटा मावतात. निळ्या प्रकाशाच्या लाटा याहूनहि आंखूड. दिव्यांतून अथवा सूर्यांतून निघणारा प्रकाश हा असंख्य अणूंनीं स्वतंत्रपणें सोडलेला असतो. प्रत्येक अणु आपल्या लहरीप्रमाणें क्षणभर तरंग सोडतो, थांबतो, पुन्हा सोडतो. शेजारी काय करीत आहे याची त्यास दादहि नसते. तळ्याच्या कांठावर शेंकडों मुलें उभीं राहून मन मानेल तेव्हां खडे टाकूं लागलीं, तर पाण्यावरील निश्चल जागा क्षणोक्षणीं बदलतील. एकीकडे निश्चल झालें तोंच दुसरीकडे होईल. दोन दिव्यांचें तसेंच आहे. काळोखाच्या जागा पडतात खऱ्या, परंतु त्या इतक्या शीघ्र हलतात कीं डोळ्यास केवळ सरासरी दिसते, आणि ती सरासरी म्हणजे साधी बेरीज होय. परातींचे कवडसे याच जातीचे.

मग लाटांची भेट टिकून राहील असें करावें कसें? ही युक्ति इंग्लंडांतील टॉमस यंग या वैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं योजिली. दोन निराळ्या दिव्यांवर विसंबण्याऐवजीं त्यानें एकाच किरणाचे दोन भाग केले. खिडकीच्या पडद्यास सूक्ष्म छिद्र पाडून आंत घेतलेल्या सूर्यकिरणाच्या वाटेंत त्यानें कागदाची एक अरुंद पट्टी कडेवर उभी धरिली. पट्टीच्या दोहों बाजूंनीं गेलेला प्रकाश तिच्या सांवलींत पुन्हा एकत्र आला, व त्या सांवलींत उजेडाच्या आणि काळोखाच्या रेघा उमटल्या. पुढें त्यानें जें केलें तें अधिक महत्त्वाचें. पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश त्यानें अडविला; त्याबरोबर सांवलींतील रेघा नाहींशा झाल्या. प्रकाश कमी केला असतां काळोख्या रेघा जातात, म्हणजे त्या काळोखास दोन्ही बाजूंचा प्रकाश लागत होता! हा प्रयोग त्यानें १८०३ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडिला. लाटांच्या या परस्पर भेटीस मराठींत 'व्यतिकरण' असें नांव आहे. पावसाळ्यांत रस्त्यावरील डबक्यावर तेलाचा थेंब पसरून जे रंग दिसतात, ते याच व्यतिकरणाचे: तेलाच्या वरच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश व खालच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश एकत्र येतात, व तवंगाच्या जाडीप्रमाणें कोठें एक रंग पुसला जातो, कोठें दुसरा.

यंगची पट्टी आज आपल्या प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. एक केंस घ्यावा. तो पुठ्ठ्याच्या चौकटीस ताणून चिकटवावा, व त्यावर लेसर पॉइंटरचा तांबडा किरण सोडून समोर दोन मीटरांवर पांढरी भिंत ठेवावी. (लेसरचा किरण कोणाच्याहि डोळ्यांत जाऊं देऊं नये, आणि स्वतः त्यांत पाहूं नये, हें थट्टेवारी नेण्यासारखें नाहीं. आरशावरून परतलेला किरणहि तितकाच घातक.) भिंतीवर केंसाची साधी सांवली न पडतां आडव्या ओळींत ठिपक्यांची माळ दिसते: उजेड, काळोख, उजेड, काळोख. मध्यबिंदूच्या एकाच बाजूचे लागोपाठचे दोन काळे ठिपके घेऊन त्यांतील अंतर फूटपट्टीनें मोजावें. तें २० मिलिमीटर भरलें असें समजूं. लाटेची लांबी ०.०००६५, तिला भिंतीच्या अंतरानें, म्हणजे २००० नें गुणा, व २० नें भागा. उत्तर येतें ०.०६५ मिलिमीटर. ही त्या केंसाची जाडी! जी जाडी फूटपट्टीनें मोजण्याची कोणाची छाती होणार नाहीं, ती प्रकाशाच्या दोन धारांच्या भेटीनें तीच फूटपट्टी वापरून मोजतां येते. केंस जितका बारीक तितके ठिपके दूरदूर पडतात, हेंहि करून पाहण्यासारखें आहे.

येथें लेसर कां घ्यावा लागतो, तें आतां ध्यानीं येईल. अणूस योग्य त्या स्थितींत ठेवून त्यावरून प्रकाशाची लाट नेली, तर तो आपली लाट तिच्याशीं पाऊल जुळवून सोडतो, हा विचार आइन्स्टाइननें १९१७ सालीं मांडिला होता; १९६० च्या मे महिन्यांत अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर प्रत्यक्ष चालविला. बाजारांतील गर्दीची पावलें आणि क्रीडांगणावरील लेझीमपथकाचीं पावलें यांत जो फरक, तोच दिव्याच्या प्रकाशांत आणि लेसरच्या प्रकाशांत.

आमच्या चिकित्सक विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न याहून कठीण होता. "काळोख झाला तेथील प्रकाश गेला कोठें? शक्ति नाहींशी होत नाहीं असें आपणच शिकविलें ना?" होय, शिकविलें, आणि तें खरेंच आहे. दोन सारख्या लाटा पाऊल जुळवून भेटल्या म्हणजे उंची दुप्पट होते. परंतु प्रकाशाचें तेज उंचीच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें तेज दुप्पट न होतां चौपट होतें. उलट भेटीच्या ठिकाणीं तें शून्य. चार आणि शून्य यांची सरासरी दोन, म्हणजे दोन किरणांच्या साध्या बेरजेइतकीच. काळोखांतून जें गेलें तें शेजारच्या उजेडांत जाऊन बसलें. हिशेब पैचाहि चुकला नाहीं. दहा किरण असे जुळविले तर नेमक्या मध्यबिंदूवर तेज दहापट नव्हे, शंभरपट होतें. मात्र तो बिंदु त्या मानानें लहान होतो. एकच प्रचंड लेसर तयार करूं गेल्यास त्यांतील काचेचे तंतु तापून बिघडतात. म्हणून अनेक मध्यम लेसरांचें पाऊल जुळवून त्यांचा एक झोत करण्याची विद्या हल्लीं पुष्कळ वाढली आहे. निरनिराळ्या रंगांचे किरण घेऊन ते एका वाटेला लावणें, ही तिसरी तऱ्हा. न्यूटननें लोलकानें फोडलेले रंग पुन्हा एकवटून पांढरा प्रकाश केला होता. आज तीच गोष्ट काचेच्या एका तंतूंतून अनेक रंगांवर अनेक संदेश एकाच वेळीं धाडण्यास कामीं येते.

पाऊल न जुळवितां केवळ परातींच्या रीतीनें किरण एकत्र आणण्याचेंहि एक अचाट उदाहरण आहे. कॅलिफोर्नियांतील एका राष्ट्रीय प्रयोगशाळेंत १९२ लेसरकिरण एका मिरीएवढ्या गोळीच्या दिशेनें एकाच क्षणीं सोडितात. ५ डिसेंबर २०२२ रोजीं त्या किरणांनीं २.०५ मेगाजूल शक्ति आंत घातली, आणि गोळींतील हायड्रोजनच्या अणूंचा संयोग होऊन ३.१५ मेगाजूल बाहेर आली. वर्तमानपत्रांनीं यावर फार मोठीं शीर्षकें दिलीं. परंतु ते किरण उत्पन्न करण्यास विजेच्या तारांतून सुमारें ३०० मेगाजूल घ्यावे लागले होते, हें वाक्य बहुधा खालीं बारीक अक्षरांत असे.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. किरण फोडून पुन्हा जोडण्याचें सर्वांत प्रसिद्ध यंत्र आल्बर्ट मायकेलसन याचें. रचना सोपी आहे. किरणाच्या वाटेंत अर्धवट मुलाम्याची कांच तिरपी ठेवावी. अर्धा प्रकाश आरपार जातो, अर्धा काटकोनांत वळतो. दोन्ही भाग दोन आरशांवर आपटून परततात, त्याच कांचेवर पुन्हा एकत्र होतात, आणि समोर उजेड-काळोखाच्या रेघा उमटतात. एक आरसा केंसाच्या जाडीच्या सुमारें चारशेंव्या भागाइतका सरकला, कीं जेथें उजेड होता तेथें काळोख येतो.

आम्हीं दोन वर्षांपूर्वीं हें यंत्र शाळेंत करून पाहिलें. प्रथम घरगुती आरसे लाविले. ते मागून मुलामा दिलेले असल्यामुळें पुढच्या कांचेवरूनहि प्रकाश परते, व भिंतीवर एकाऐवजीं चार चार ठिपके नाचूं लागले. मग पुढील बाजूस मुलामा असलेले आरसे मिळविले. किरण पसरविण्यास एक लहान भिंग बसविलें. रेघा उमटल्या, मुलांनीं टाळ्या वाजविल्या, आणि टाळ्यांबरोबर रेघा पळाल्या! मालमोटार रस्त्यावरून गेली कीं रेघा थरथरत. कोणी दारांत पाऊल टाकलें कीं रेघा धांवत. अखेर शहाबादी फरशीखालीं सायकलीची फुगविलेली नळी ठेविली, तेव्हां थोडी शांतता लाभली. मी मुलांस सांगितलें कीं खट्टू होऊं नका. मायकेलसननें १८८१ सालीं बर्लिन शहरांत हेंच यंत्र मांडिलें, तेव्हां रस्त्यावरील रहदारीनें त्यासहि असेंच सतावलें, व त्यास तें उचलून पॉट्सडामला न्यावें लागलें. पुढें १८८७ सालीं मोर्लेबरोबर प्रयोग करतांना त्यानें दगडाची मोठी फरशी पाऱ्यावर तरंगत ठेविली होती. आमची सायकलीची नळी आणि त्याचा पारा, एकाच घराण्यांतलीं.

हेंच यंत्र, परंतु चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचें, आतां आपल्या महाराष्ट्रांत व्हावयाचें आहे. हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें क्षेत्र यात्रेकरूंस ज्योतिर्लिंगामुळें परिचित आहे. त्याच तालुक्यांत 'लायगो-इंडिया' या वेधशाळेची जागा निवडली गेली. केंद्रीय मंत्रिमंडळानें १७ फेब्रुवारी २०१६ रोजीं तत्त्वतः, आणि एप्रिल २०२३ मध्यें २६०० कोटि रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी दिली. पुण्याची आयुका, इंदूरचें राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था व अणुऊर्जा विभागाचें बांधकाम खातें अशा चौघांचा हा संसार आहे. जागा निवडतांना जमिनीचा थरकांप किती, हें कटाक्षानें पाहिलें गेलें. आमच्या मालमोटारीची आठवण असलेल्यांस त्याचें कारण सांगणें नको.

अमेरिकेंत वॉशिंग्टन संस्थानांतील हॅनफर्ड व लुइझियानांतील लिव्हिंगस्टन येथें अशीं दोन यंत्रें आहेत. त्यांतील लेसर डोळ्यांस न दिसणारा, १०६४ नॅनोमीटर लाटेचा. दोन्ही भुजांच्या पोकळ नळ्यांतून हवा जवळजवळ संपूर्ण काढून टाकिली आहे. टोंकाशीं ४० किलो वजनाचे शुद्ध काचेचे आरसे काचेच्याच तंतूंनीं, लंबकाखालीं लंबक अशा चार पायऱ्यांनीं टांगलेले आहेत. प्रत्येक भुजेंत प्रकाश सुमारें तीनशें खेपा घालतो, म्हणजे चार किलोमीटरांची वाट बाराशें किलोमीटरांची होते. इतकें करून शेवटीं दोन्ही किरण अशा तऱ्हेनें जोडितात कीं बाहेरच्या दाराशीं जवळजवळ काळोखच व्हावा. तो प्रकाश कोठें जातो? आल्या वाटेनें लेसरकडे परत. आणि तेथें आणखी एक आरसा त्यास पुन्हा आंत लोटतो. आमच्या विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न येथें यंत्राचा एक भागच होऊन बसला आहे!

या काळोखावर पहारा कशासाठीं? आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणें प्रचंड वस्तुमानें एकमेकांभोंवतीं फिरत आदळलीं, तर अवकाशांतच लाटा उठतात. ती लाट जातांना एक भुजा किंचित् लांबते व दुसरी आंखडते, आणि मग काळोखाची ती तोलून धरलेली बेरीज चुकून दाराशीं उजेडाची झुळूक येते. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अशी पहिली झुळूक आली. सूर्याच्या सुमारें ३६ पट व २९ पट वस्तुमानाचीं दोन कृष्णविवरें, सुमारें १३० कोटि प्रकाशवर्षांवर, एक झालीं होतीं. भुजांतील फरक होता केंसाच्या जाडीच्या सुमारें सोळा लक्ष कोटि भागांपैकीं एका भागाइतका. ही संख्या लिहितांना माझा स्वतःचा हात दोनदां थांबला, म्हणून गणित पुन्हा करून पाहिलें. तें बरोबर आहे. या कामाबद्दल २०१७ सालीं वाइस, बॅरिश व थॉर्न यांस नोबेल पारितोषिक मिळालें. गोंगाटांतून असा क्षीण सूर ओळखण्याची गणिती रीत घडविण्यांत पुण्याच्या आयुकांतील संजीव धुरंधर यांचा मोठा वांटा आहे, व तें काम त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लाट सांपडण्याच्या वीसहून अधिक वर्षें आधीं आरंभिलें होतें.

पहिली लाट लिव्हिंगस्टनला आधीं पोहोंचली व हॅनफर्डला सात सहस्रांश सेकंदांनीं मागाहून. एवढ्या फरकावरून ती साधारण कोणत्या बाजूनें आली हें कळतें, नेमकी जागा कळत नाहीं. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं इटालींतील तिसऱ्या यंत्राची जोड मिळतांच दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची दिशा इतकी आकुंचित झाली कीं दुर्बिणींस ती जागा प्रत्यक्ष सांपडली. नंतर नारायणगांवाजवळील खोडद येथील महाकाय दुर्बिणीनेंहि तिचे रेडिओतरंग टिपले. ही खोडदची दुर्बीणहि आपल्या विषयांतलीच: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरून त्यांनीं धरलेल्या लाटा एकत्र जुळवितात. हिंगोलीचें यंत्र अमेरिका व युरोप यांपासून दूर असल्यामुळें, दिशा ठरविण्यास त्याचा उपयोग मोठा होईल.

एका पालकांनीं मला विचारलें, "गुरुजी, ह्या २६०० कोटींनीं आमच्या धानाला पाणी मिळेल काय?" नाहीं मिळणार, मीं तसें स्पष्ट सांगितलें. निर्वात नळ्या, आरसे, लेसर हीं करावयास शिकलेल्या कारागिरांची एक पिढी त्यांतून तयार होईल, इतकें मात्र मी खात्रीनें म्हणतों. त्यांचें समाधान झालें असें मला वाटत नाहीं, व त्यांचा प्रश्न मी गैर मानीत नाहीं. निघतांना त्यांनीं आमची फरशी व सायकलीची नळी पाहण्यास मागितली. रेघा त्यांस दिसल्या. त्यांनीं हळूच जमिनीवर पाय आपटला, रेघा हलल्या, आणि त्यांनीं पुन्हा आपटला.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं ऐन तारुण्यांत, मद्रासेस विद्यार्थी असतांना, प्रकाशाच्या पट्ट्यांवरील आपला पहिला निबंध लिहिला. तो १९०६ सालीं छापला गेला. पुढें १९१० सालीं सरकारी हिशेबखात्याच्या नोकरींत ते कांहीं काळ आपल्या शेजारीं नागपुरास होते. तेव्हां भंडाऱ्याच्या मुलांनीं हा विषय फार दूरचा समजण्याचें कारण नाहीं.

यंत्र विज्ञानाच्या खोलींत कपाटाशेजारीं मांडून ठेविलें आहे. शनिवारीं शाळा सुटल्यावर ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं यावें. केंस प्रत्येकानें स्वतःचा आणावा. शक्य तर आजीचा एक व धाकट्या भावंडाचा एकहि आणावा, म्हणजे ठिपक्यांतील फरक मोजतां येईल.